राजर्षींचे धैर्य

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की पाहुण्याची पावले आपोआप शाहूपुरीकडे वळतात. एकीकडून दुसरीकडे सरळ जाणाऱ्या गल्ल्या, त्यांना दिलेले पहिली, दुसरी, तिसरी असे अनुक्रम आणि दुतर्फा असलेली दुकाने पाहिली म्हणजे ही पेठ कोणी तरी विचारपूर्वक वसवली असली पाहिजे, हे सहज ध्यानात येते. ते खरेही आहे. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी धावू लागली आणि 1895 साली ही व्यापारपेठ वसली. पंचगंगेच्या काठच्या उसापासून तयार होणारा गूळ येथे विकला जावा, शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक पडावेत आणि व्यापाऱ्यांना गावोगाव हिंडावे लागू नये, हा तिचा उद्देश होता. पेठ वसवणारा राजा तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच्याच नावावरून तिला शाहूपुरी हे नाव मिळाले.

हा राजा म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज. त्यांच्या कारकिर्दीत लढाई झाली नाही, कोणता किल्ला सर झाला नाही, की कोणत्या शत्रूचे निशाण हिसकावून आणले गेले नाही. तलवारीच्या पराक्रमाचे दिवस तेव्हा सरले होते. तरीही पराक्रमी पुरुषांची गणना करताना त्यांचे नाव गाळता येत नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी त्यांची जीवनकथा आरंभापासून ऐकली पाहिजे.

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कोल्हापूरनजीक कसबा बावडा येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला. ते कागलच्या घाटगे घराण्यातील. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे जहागीरदार होते आणि आईचे नाव राधाबाई होते. यशवंतराव अगदी लहान असतानाच आईचे छत्र हरपले. इकडे 1883 साली कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज अहमदनगर येथे निधन पावले. त्यांना मूलबाळ नव्हते. तेव्हा राणी आनंदीबाईसाहेबांनी कागलच्या या मुलाला दत्तक घेतले. 17 मार्च 1884 रोजी दत्तकविधान झाले आणि वयाच्या दहाव्या वर्षी यशवंतराव छत्रपती शाहू महाराज झाले.

राजा होणे म्हणजे सुखात लोळणे, अशी आपली समजूत असते. या बालराजाच्या वाट्याला मात्र वेगळेच दिवस आले. शिक्षणासाठी त्यांना घरापासून शेकडो कोस दूर राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ठेवण्यात आले. ते तेथे असतानाच 1886 साली वडिलांचाही अंत झाला. आईबापांविना परक्या मुलुखात वाढणाऱ्या मुलाचे मन कोमेजून जावयाचे किंवा कठोर व्हावयाचे. शाहू महाराजांचे मन कोमेजले नाही आणि कठोरही झाले नाही. दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची शक्ती मात्र त्यांना तेव्हापासूनच लाभली असावी. 1888 साली कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ याच बालराजाच्या हस्ते झाला. पुढे राजकोटहून परतल्यावर धारवाड येथे फ्रेजर नावाच्या विद्वान अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. इतिहास, राज्यकारभार, कायदा हे विषय त्यांनी तेथे अभ्यासले आणि दूरदूरचे प्रवास करून देशही डोळ्यांखाली घातला.

शरीराने महाराज धिप्पाड होते. कुस्ती, घोडदौड आणि शिकार यांचा त्यांना लहानपणापासून नाद होता. स्वतः लाल मातीत उतरून ते जोर-बैठका काढीत आणि पैलवानांशी झोंबी घेत. कोल्हापूरचे प्रसिद्ध खासबाग मैदान त्यांनीच बांधवले. हजारो लोकांना कोठूनही कुस्ती नीट दिसावी, अशी त्याची रचना आहे. जंगलात वाघासमोर उभे राहण्याचे धाडसही त्यांच्यापाशी होते. परंतु वाघासमोर उभे राहण्यापेक्षा अवघड असे एक काम जगात आहे. ज्यांच्याबरोबर आपण जेवतो, ज्यांच्याशी आपले नाते आहे, ज्यांच्या आधारावर आपला मान उभा आहे, त्या आपल्याच माणसांना ते चुकत आहेत असे सांगणे आणि तसे स्वतः वागून दाखवणे, हे ते काम होय. महाराजांच्या खऱ्या धैर्याची कसोटी तेथे लागली.

2 एप्रिल 1894 रोजी विसाव्या वर्षी महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. थोड्याच काळात दोन संकटे चालून आली. 1896 साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेगची साथ आली. माणसे घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधून राहू लागली. महाराज राजवाड्यात बसून राहिले नाहीत. त्यांनी दुष्काळी भागात फिरून लोकांची स्थिती प्रत्यक्ष पाहिली. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, रस्ते व तळी यांची कामे काढून हातांना काम दिले. कामावर येणाऱ्या आयांची तान्ही मुले उन्हात पडू नयेत, म्हणून त्यांच्यासाठी शिशुगृहेही उघडली. या फिरस्तीत महाराजांना आपली रयत जवळून दिसली. तिचे दारिद्र्य दिसले आणि त्या दारिद्र्यामागचे अज्ञानही दिसले.

त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारात 71 अधिकारी होते. त्यांपैकी 60 जण एकाच जातीचे, ब्राह्मण होते. पिढ्यान्‌पिढ्या विद्येची परंपरा त्या घरांत होती, म्हणून त्या जागा त्यांच्याकडे गेल्या होत्या. शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेले लोक यांच्या घरात अक्षरही शिरले नव्हते. ज्यांच्या श्रमावर राज्य चालते, त्यांचा राज्यकारभारात हात नाही, ही गोष्ट तरुण राजाच्या मनाला बोचू लागली.

याच काळात एक प्रसंग घडला. 1899 सालच्या कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात असत. स्नानाच्या वेळी त्यांचा पुरोहित मंत्र म्हणत असे. छत्रपतींसाठी वेदातील मंत्र म्हटले जात नाहीत, केवळ पुराणातील मंत्र म्हटले जातात, ही गोष्ट एके दिवशी उघडकीस आली. पुरोहिताच्या मते वेदमंत्रांचा अधिकार महाराजांना नव्हता. ज्याच्या राज्यात आपण राहतो, त्या राजालाही जन्मावरून कमी लेखण्यात येत होते. पुढे हा वाद वर्षानुवर्षे चालला. वृत्तपत्रांतून महाराजांवर कठोर टीका झाली. मोठमोठी माणसे त्यांच्या विरुद्ध उभी राहिली. महाराज मात्र मागे हटले नाहीत. आज्ञा न मानणाऱ्या राजोपाध्यांचे वतन त्यांनी जप्त केले.

आपला अपमान झाला म्हणजे कोणालाही राग येतो. त्यात विशेष काही नाही. शाहू महाराजांचा विशेष हा की, स्वतःच्या अपमानातून त्यांना दुसऱ्याचा अपमान दिसू लागला. राजाला जर जन्मावरून असे हिणवले जाते, तर ज्यांची सावलीसुद्धा लोक टाळतात त्यांच्या मनाचे काय होत असेल, हा विचार त्यांच्या अंतःकरणात घर करून बसला. तेव्हापासून त्यांचे सारे आयुष्य या एका विचाराने भारले गेले.

अज्ञान दूर झाल्यावाचून मान मिळणार नाही, हे जाणून त्यांनी शिक्षणापासून आरंभ केला. खेड्यातील मुलगा शिकावयास कोल्हापुरात आला तर राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, हा पहिला प्रश्न होता. म्हणून 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडण्यात आले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत आणि इतर अनेक समाजांच्या मुलांची सोय झाली. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांनी या संस्थांना जागा दिल्या, पैसा दिला आणि वेळोवेळी स्वतः जाऊन मुलांची विचारपूस केली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते यामुळेच.

1902 साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणसमारंभासाठी विलायतेस गेले होते. एवढ्या दूर असतानाही त्यांचे मन कोल्हापुरातच होते. 26 जुलै 1902 रोजी त्यांचा एक हुकूम प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. भारतात असा हुकूम पूर्वी कोणी काढला नव्हता. ज्यांच्या हाती अधिकार होते, ते चिडले. ज्यांच्यासाठी हुकूम होता, त्यांच्यात शिकलेली माणसे अजून थोडीच होती. म्हणजे टीका करणारे पुष्कळ आणि बाजू घेणारे थोडके, अशी स्थिती होती. तरीही हुकूम मागे घेतला गेला नाही.

त्यानंतर महाराजांनी एक आणखी मोठे पाऊल उचलले. 1917 साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या कामासाठी दरवर्षी एक लाख रुपये खर्च करण्याचे ठरले. त्या काळी एक लाख ही फार मोठी रक्कम होती. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. 1918 च्या मार्च महिन्यात करवीर पेट्यातील चिखली या गावी या योजनेतील पहिली शाळा सुरू झाली. शेतकऱ्यांना प्रथम ही सक्ती जाचक वाटली. गुरे कोणी राखावी आणि धाकट्या भावंडाला कोणी सांभाळावे, असा प्रश्न त्यांना पडला. लोकांना गोड वाटेल तेवढेच करणारा राजा येथे थांबला असता. परंतु रयतेच्या हितासाठी रयतेचा रोष पत्करण्याचीही महाराजांची तयारी होती.

1918 सालच्या जून महिन्यात महाराजांवर फार मोठा घाला पडला. त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी महाराज शिकारीच्या वेळी अपघातात मृत्यू पावले. त्यांचा विवाह होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा केवळ बाराव्या वर्षात होत्या. त्या काळची रूढी फार क्रूर होती. राजघराण्यातील विधवेने पडद्याआड राहावे, जगाचे तोंड पाहू नये आणि उरलेले आयुष्य दुःखात कंठावे, अशी सर्वांची अपेक्षा असे. पुत्रशोकाने महाराजांचे अंतःकरण विदीर्ण झाले होते. पण त्या दुःखातही त्यांना त्या कोवळ्या मुलीचे दुःख अधिक मोठे वाटले. घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध सोसून त्यांनी आपल्या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथील आपल्या निवासस्थानी केली. तिला एकटे वाटू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या मुली सोबतीला दिल्या. त्या सर्वजणी एकत्र राहत व एकत्र अभ्यास करीत. महाराजांच्या पश्चात इंदुमतीदेवी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा महाराजांनी 1917 सालीच केला होता. परंतु कायदा प्रजेसाठी करणे निराळे आणि त्याच विचाराने स्वतःच्या घरात वागणे निराळे. महाराजांनी या दोन गोष्टींत अंतर राहू दिले नाही.

पुत्रशोकाच्या त्याच वर्षी महाराजांनी आणखी एक अन्याय दूर केला. त्या काळी महार, मांग, रामोशी, बेरड अशा काही जातींच्या लोकांना रोज गावच्या पाटलाकडे जाऊन हजेरी द्यावी लागे. चोरी कोणी केली आहे याचा विचार न करता, जन्मावरूनच त्यांना गुन्हेगार ठरवण्यात आले होते. कोणी पाहुण्याच्या गावी जावयाचा म्हटला, तर त्याला परवानगी मागावी लागे. आजारी माणसाचीही त्यातून सुटका नसे. महाराजांनी 1918 साली ही हजेरी बंद केली. रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारध्यांना तर त्यांनी जवळ बोलावून अन्न दिले, राहावयास घरे दिली आणि पहारेकऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांच्या हाती महाराजांनी पहारा सोपवला. विश्वास टाकल्याने माणूस सुधारतो, ही त्यांची श्रद्धा होती आणि त्या माणसांनी ती खरी करून दाखवली.

1919 साली महाराजांनी अस्पृश्यांसाठी असलेल्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. दवाखाने, सरकारी कचेऱ्या, धर्मशाळा, पाणवठे येथे कोणालाही विटाळाच्या नावाखाली अडवू नये, अशी आज्ञा झाली. आज्ञा कागदावर उमटल्या. पण मनावर उमटावयास वेळ लागतो. शेकडो वर्षांची रूढी एका कागदाने मोडत नाही. ती मोडण्यासाठी कोणाला तरी पुढे होऊन वागून दाखवावे लागते. ते कसे, हे गंगाराम कांबळे यांच्या गोष्टीवरून कळून येईल.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीस होते. ते महार जातीचे होते. पागेतील इतर नोकरांसाठी पाण्याचा एक हौद होता. त्या हौदाला गंगारामने स्पर्श केला, एवढ्याच कारणावरून काही नोकरांनी त्याला धरून बेदम मारहाण केली. महाराज तेव्हा परगावी गेले होते. ते परतल्यावर गंगारामने सोनतळीला जाऊन आपली पाठ त्यांना दाखवली. मारल्याचे वळ अजून ताजे होते. ते पाहून महाराजांचा संताप अनावर झाला. मारणारे त्यांच्याच जातीचे होते. तरीही महाराजांनी त्यांना कडक शिक्षा केली. गंगारामची त्यांनी मायेने समजूत घातली. नोकरीत राहून रोज तेच तोंड देण्यापेक्षा स्वतंत्र धंदा करावा, असे त्यांनी त्याला सुचवले आणि त्यासाठी पैशाचे साहाय्यही केले.

गंगारामने कोल्हापूर शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. दुकानाला सत्यसुधारक असे नाव दिले. दुकान स्वच्छ होते. कपबश्या लख्ख घासलेल्या असत. चहाही उत्तम असे. पण गिऱ्हाईक फिरकेना. दुकान कोणाचे आहे, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्या हातचा चहा प्यावयाचा म्हणजे आपला धर्म बुडाला, अशी लोकांची समजूत होती. रस्त्याने जाणारे लोक दुकानाकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत आणि पुढे जात.

ही बातमी महाराजांच्या कानावर गेली. एके दिवशी त्यांची घोडागाडी त्या रस्त्याने आली आणि गंगारामच्या दुकानापुढे थांबली. महाराजांनी गंगारामला हाक मारून चहा आणावयास सांगितले. रस्त्यावरची माणसे जागच्या जागी उभी राहिली. गंगारामने थरथरत्या हातांनी चहाचा कप पुढे केला. महाराजांनी सर्वांच्या देखत तो शांतपणे घेतला. गाडीत त्यांच्याबरोबर सरदार मंडळी होती. राजाने चहा घेतल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनीही कप हातात घेतले. त्यानंतर महाराज अधूनमधून तेथे येऊ लागले. कोणी कामासाठी त्यांची सही मागावयास आला, तर आपण ती गंगारामच्या दुकानात करू असे सांगून ते त्याला तेथे बोलावीत आणि आधी चहा घ्यावयास लावीत, असे सांगतात. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले आणि गंगारामचे दुकान चालू लागले.

आज रस्त्याच्या कडेला उभे राहून चहा घेण्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. म्हणून त्या एका कपाची किंमत आपल्याला चटकन समजत नाही. त्या काळी विटाळ मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचे खाल्ले, तर जातीची माणसे पंगतीला बसू देत नसत, सोयरिकी मोडत असत आणि घरच्या कार्याला कोणी येत नसे. राजा झाला तरी तो समाजातच राहतो. त्याला मुलाबाळांची लग्ने करावयाची असतात, सरदारांना सांभाळावयाचे असते, नातेवाइकांत मान टिकवावयाचा असतो. हे सर्व महाराजांनी चहाच्या त्या कपाबरोबर पणाला लावले होते. शिवाय ते परक्यांशी नव्हे, स्वकीयांशी लढत होते. परक्याशी लढताना सारे आपल्या पाठीशी असतात. स्वकीयांशी लढताना माणूस एकटा पडतो.

परंतु या गोष्टीत धैर्य एकट्या राजाचेच नव्हते, हेही विसरता कामा नये. ज्या शहरात आपल्याला मार बसला, त्याच शहराच्या भर रस्त्यावर आपल्या नावाने दुकान उघडावयाचे, गिऱ्हाईक येवो न येवो रोज सकाळी चूल पेटवावयाची, कप घासून ओळीने मांडावयाचे आणि वाट पाहत बसावयाचे, यालाही मोठी छाती लागते. महाराजांनी हात पुढे केला. गंगारामने तो धरला आणि आपल्या पायांवर उभा राहिला. दोघांच्या धैर्याने ती जुनी भिंत थोडी तरी खचली.

महाराजांची दृष्टी दूरवर पोहोचणारी होती. अस्पृश्य समाजाचा उद्धार त्या समाजातील शिकलेला पुढारीच करील, असे त्यांना वाटत असे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी उच्च शिक्षण घेऊन परतलेले तरुण प्राध्यापक होते. महाराज स्वतः मुंबईला जाऊन त्यांना त्यांच्या राहत्या घरी भेटले. आंबेडकरांनी मूकनायक हे पत्र काढले, तेव्हा महाराजांनी त्यास आर्थिक साहाय्य केले. 21 व 22 मार्च 1920 रोजी कागलच्या जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. महाराज तेथे उपस्थित राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी जमलेल्या लोकांचे अभिनंदन केले. राजाने आपला मोठेपणा बाजूला ठेवून दुसऱ्याचा मोठेपणा मान्य करावा, असे इतिहासात क्वचितच घडते. पुढे याच आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. ती घटना 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आली आणि तिने साऱ्या देशातून अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली.

महाराजांनी लोककल्याणाची आणखीही अनेक कामे हाती घेतली. त्यांपैकी एक म्हणजे भोगावती नदीवरील राधानगरीचे धरण. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. परंतु त्याचे पाणी आज कोल्हापूरच्या उसाच्या मळ्यांना जीवन देत आहे. 1919 साली कानपूर येथे कुर्मी समाजाच्या परिषदेत लोकांनी त्यांना राजर्षी ही पदवी दिली. राजा असून ऋषीसारखा निःस्वार्थ, असा त्या पदवीचा अर्थ आहे. अति श्रम आणि दुःख यांनी त्यांचे बलदंड शरीर खचत गेले. 6 मे 1922 रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यांचा जन्मदिवस 26 जून हा महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकालाही आता त्यांचेच नाव आहे. परंतु महाराजांचे पहिले स्मारक दरबाराने किंवा सरदारांनी उभारले नाही. त्यांच्या पश्चात कोल्हापुरात ते स्मारक उभारण्याच्या कामी गंगाराम कांबळे आणि त्यांचे समाजबांधव पुढे झाले. ज्यांच्या घरी पैसा कमी होता, त्यांनी ते काम अंगावर घेतले.

मुलांनो, कधी शाहूपुरीच्या गल्ल्यांतून जाण्याचा योग आला, तर तेथील पाटीवरील नाव वाचून क्षणभर थांबा. वर्गात एखाद्या मुलाला कोणी डबा खाताना जवळ बसू देत नसेल आणि आपण मुकाट्याने पाहत असू, तर त्या वेळी गंगारामच्या दुकानापुढे थांबलेली ती घोडागाडी आठवा. आपला डबा उचलून त्या मुलाशेजारी जाऊन बसण्यासाठी राजा असावे लागत नाही.